कॅमेऱ्याचं घड्याळ



पोलीस खात्यात चौतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो, त्यालाही आता बरेच दिवस झाले. पण आमच्या सोसायटीत मी अजून ‘इन्स्पेक्टरसाहेब’च आहे. पार्किंगमधून सायकल गेली, कुणाच्या दारातल्या नव्या चपला गेल्या, की पहिली बेल माझ्या दाराची वाजते. गेल्या दिवाळीच्या आधी तळमजल्यावरून एक मोटारसायकल गेली आणि सोसायटीची तातडीची सभा भरली. विषय एकच, कॅमेरे बसवायचे. किती बसवायचे आणि वर्गणी किती, एवढाच वाद होता. कॅमेरे बसवून नेमकं काय होणार, हे कुणी विचारलंच नाही. ते सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा गुन्ह्याच्या जागी गेल्यावर आमचा पहिला प्रश्न असायचा, “कुणी पाहिलं का?” आज तो प्रश्न मागे पडला. आता विचारतात, “कॅमेरा होता का?” नसेल तर फिर्यादीचा चेहरा लगेच पडतो. असेल तर त्याला वाटतं, झालं काम. या दोन्ही समजुतींबद्दल आज मला बोलायचं आहे.

या बाबतीत जुना आणि मोठा अनुभव आहे ब्रिटनचा. बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावात १९८५ साली तिथल्या रस्त्यावर कॅमेरे लागले. आदल्याच वर्षी ब्रायटनमध्ये सत्ताधारी पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी हॉटेलात बॉम्बस्फोट झाला होता, त्याची ती धास्ती. पण कॅमेरा घराघरात पोचला तो १९९३ च्या फेब्रुवारीत. लिव्हरपूलजवळ बूटल इथल्या बाजारसंकुलातून दोन वर्षांच्या एका मुलाला दोन मोठी मुलं हात धरून घेऊन जात आहेत, असं अंधूक चित्र साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्या बाळाचा पुढे खून झाला होता. नेणारी मुलं चित्रात तेरा-चौदा वर्षांची वाटत होती. सापडली तेव्हा कळलं की ती अवघी दहा वर्षांची होती. चित्र पाहून एका बाईला त्यातल्या एकाची ओळख पटली आणि तपास पुढे गेला.

त्या चित्रानं देश हादरला आणि गावोगाव कॅमेऱ्यांची मागणी सुरू झाली. सरकारनं हात सैल सोडला. १९९६ ते १९९८ या काळात तिथल्या गृहखात्यानं गुन्हे रोखण्यासाठी जो खर्च केला, त्यातला तीन चतुर्थांशांहून जास्त पैसा एकट्या कॅमेऱ्यांवर गेला. मला त्यात एक गोष्ट नेहमी खटकते. ज्या चित्रामुळे ही लाट आली, त्या चित्रातल्या कॅमेऱ्यानं बाळाला वाचवलं नव्हतं. त्यानं फक्त दाखवलं होतं.

लंडनमध्ये १९९९ च्या एप्रिलमध्ये एका माथेफिरूनं खिळ्यांचे बॉम्ब ठेवायला सुरुवात केली. १७ तारखेला ब्रिक्स्टन, २४ ला ब्रिक लेन. पोलिसांनी ब्रिक्स्टनमधल्या चित्रणांचा ढीग उपसून त्यातून एक माणूस शोधून काढला आणि २९ तारखेला त्याचं चित्र प्रसिद्ध केलं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एकानं त्याला ओळखलं आणि पोलिसांना फोनही केला. पण ३० तारखेच्या संध्याकाळी, पोलीस त्याच्यापर्यंत पोचण्याआधी, सोहो भागातल्या एका मद्यगृहात तिसरा बॉम्ब फुटला. तीन माणसं गेली. त्याच रात्री तो पकडला गेला. आता हे यश म्हणायचं की अपयश? मी तपास अधिकारी म्हणून सांगतो, ते यश होतं. कॅमेरे नसते तर चौथा बॉम्बही फुटला असता. पण ते चित्र कॅमेऱ्यानं नाही, तासन् तास पडद्यासमोर डोळे फोडून बसलेल्या माणसांनी शोधलं होतं.

हा डोळे फोडण्याचा भाग कुणालाच नको असतो. लंडनच्या पोलीस दलातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं २००८ साली जाहीरपणे सांगून टाकलं, की रस्त्यावरच्या लुटीचे जेमतेम ३ टक्के गुन्हे कॅमेऱ्याच्या चित्रणामुळे उघडकीला येतात. कारणही सांगितलं. चित्रण पाहणं हे कष्टाचं काम आहे, म्हणून अधिकारी ते टाळतात. पुढे लंडनच्या पोलिसांनी चेहरे लक्षात ठेवण्याची उपजत देणगी असलेले शिपाई हुडकून त्यांना या कामाला लावलं. २०११ च्या ऑगस्टमधल्या दंगलींनंतर त्यांच्यातल्या एकट्या शिपायानं दीडशेहून जास्त दंगलखोर ओळखले. आपल्याकडेही प्रत्येक पोलीस ठाण्यात असा एखादा हवालदार असतोच. वीस वर्षांपूर्वी पकडलेला पाकीटमार बसस्टँडवर पाठमोरा दिसला तरी नाव घेऊन हाक मारणारा. त्याची बदली झाली की आम्ही हळहळायचो.

मग कॅमेऱ्यामुळे गुन्हे कमी होतात की नाही? या प्रश्नावर जगभरात चाळीस वर्षांत जे अभ्यास झाले, त्या सगळ्यांचा एकत्र ताळेबंद २०१९ साली प्रसिद्ध झाला. जिथं कॅमेरे लागले तिथं गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी घटलेले दिसले. गाड्या लावण्याच्या जागी मात्र ही घट ३७ टक्के होती. आणि मारामारी, हल्ले अशा हिंसक गुन्ह्यांवर ठळक असा काहीच परिणाम दिसला नाही.

कुणाला हे आकडे विचित्र वाटतील. मला अजिबात वाटले नाहीत. वाहनचोर हा हिशेबी माणूस असतो. तो दोन दिवस जागा पाहतो, वॉचमन कधी चहाला जातो ते पाहतो, कुलूप पाहतो. त्याला वर कॅमेरा दिसला की तो शेजारच्या गल्लीत जातो. पार्किंगला दारं एक किंवा दोन, येणाराजाणारा प्रत्येक जण तिथूनच जाणार, तेव्हा कॅमेऱ्यालाही काम सोपं. पण दारूच्या नशेत बाटली फोडून अंगावर जाणारा काय वर बघतो? रागानं डोकं फिरलेला माणूस देवाला भीत नाही, तो कॅमेऱ्याला कुठला भिणार! त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. जिथं पडद्यासमोर माणूस बसून लक्ष ठेवत होता, आणि जोडीला चांगले दिवे, गस्त असं काही होतं, तिथं फरक जास्त पडला. नुसता खांबावरचा कॅमेरा म्हणजे शेतातलं बुजगावणं. चार दिवस पाखरं लांब राहतात, पाचव्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसतात.

आता मी माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगायची की नाही यावर मी पुष्कळ विचार केला. गावाचं नाव सांगत नाही.

२००९ चं साल, कार्तिकातले थंडीचे दिवस. सकाळी सहा वीसच्या सुमारास देवळात निघालेल्या एका साठीच्या बाईंचं मंगळसूत्र मोटारसायकलवाल्यानं हिसकावलं. बाई पडल्या, मनगट मोडलं. त्यांनी सांगितलं ते एवढंच, गाडी काळी, अंगात जर्किन, तोंडाला मफलर. आमच्या हद्दीतला त्या महिन्यातला हा तिसरा प्रकार. वर्तमानपत्रांत रोज बातम्या, वरिष्ठांचे फोन. त्या रस्त्यावर एका सराफी दुकानानं नुकताच बाहेर कॅमेरा लावला होता. तेव्हा ही नवलाई होती. आम्ही दुकान उघडायला लावलं आणि चित्रण पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात सहा वाजून अठरा मिनिटं, आणि समोरून काळी मोटारसायकल, जर्किन, तोंडाला मफलर. गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडेही वाचता येत होते.

दुपारपर्यंत मुलगा ठाण्यात होता. वय एकोणीस, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, पहाटे वर्तमानपत्रं टाकायचा. गाडी थोरल्या भावाची. तो सारखं एकच सांगत होता, “साहेब, त्या रस्त्यानं मी साडेपाचला गेलो. पेपर घ्यायला. सहा वीसला मी पार दुसऱ्या टोकाला लाइन टाकत होतो.” कुणी पाहिलं का? कोण पाहणार, लोक झोपेत असताना पेपर दारात पडतो. आमच्याकडे तर पडद्यावर वेळ होती. बाईंना बोलावलं. त्यांनी त्याला पाहिलं, पडद्यावरचं चित्रही पाहिलं, आणि म्हणाल्या, “हाच असेल.” ‘असेल’ या शब्दाकडे मी लक्ष दिलं नाही. एरवी दिलं असतं. साक्षीदार अडखळला की आम्ही चार प्रश्न जास्त विचारतो. पण चित्र समोर असलं की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो.

मुलाला चौकशीसाठी म्हणून रात्रभर बसवून ठेवलं. अटक दाखवली नव्हती. दोन-चार थपडा बसल्या. मी मारल्या नाहीत, पण मी शेजारच्या खोलीत होतो आणि मला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी आमचे एक जुने हवालदार ते चित्रण पुन्हा पाहत होते. पाहता पाहता म्हणाले, “साहेब, समोरच्या हॉटेलचं शटर बंद आहे.” मी म्हटलं, मग? “मी नाइट ड्यूटी संपवून रोज सहाला तिथं चहा पितो. पावणेसहाला शटर उघडतं. सहा अठराला ते बंद कसं?” आम्ही तसेच दुकानात गेलो. पडद्यावरची वेळ आणि माझ्या मनगटावरची वेळ शेजारी शेजारी धरली. कॅमेऱ्याचं घड्याळ त्रेचाळीस मिनिटं पुढे होतं. बसवणाऱ्यानं ते कधी लावलंच नसावं, आणि आम्ही कधी विचारलं नाही. मुलगा गेला होता पाच पस्तीसला. तो खरंच सांगत होता.

खऱ्या सहा वीसचं चित्रण आम्ही पाहिलंच नव्हतं. ते पडद्यावर सात वाजून तीन मिनिटांनी होतं. त्यात दुसरी काळी गाडी, मागचं मडगार्ड तुटलेलं. नशीब इतकंच, की ते पुसलं जाण्याआधी पंचांसमक्ष उतरवून घेता आलं. या यंत्रात पंधरा दिवसांनी नवं चित्रण जुन्यावर चढायचं. तीनेक आठवड्यांनी शेजारच्या जिल्ह्यात दोघं पकडले गेले, ते मडगार्डावरून आमच्या गुन्ह्याशी जुळले. मंगळसूत्र वितळवून झालेलं होतं, सोन्याची लगड मिळाली. म्हणजे त्याच कॅमेऱ्यानं एका निरपराध पोराला आत बसवलं आणि त्याच कॅमेऱ्यानं खरे चोर दिले.

त्या मुलाला मी चहा पाजला आणि घरी पाठवलं. माफी मागितली नाही. तेव्हा आमच्या खात्यात ती पद्धतच नव्हती, असं मी स्वतःला सांगतो. त्याचे वडील न्यायला आले होते. ते फक्त म्हणाले, “साहेब, वाड्यात सगळ्यांना कळलं.” पेपरची त्याची लाइन एजंटानं दुसऱ्याला दिली होती. मी शब्द टाकून ती परत मिळवून दिली, पण तीन घरांनी पेपरच बंद केला.

चित्रण वेळेच्या एका काट्यावर कसं उभं असतं, याचं एक उदाहरण आपल्या राज्यातल्या एका गाजलेल्या खटल्यात आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक, जालना मतदारसंघ. प्रश्न होता अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीआधी दाखल झाले की नंतर. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणावरून उच्च न्यायालयानं २०१७ साली ‘नंतर’ असा निष्कर्ष काढून निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली तो निकाल कायम ठेवला. ठेवताना एक बजावलं. असं चित्रण पुरावा म्हणून मांडायचं, तर ते कुठल्या यंत्रातून कसं उतरवलं याचं कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र जोडलंच पाहिजे. पूर्वी पुरावा कायद्याचं ६५-ब कलम होतं, १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, पण प्रमाणपत्राची अट आहेच. आमच्यातले कित्येक जण मोबाइलवर पडद्याचा फोटो काढायचे आणि मूळ यंत्र तसंच सोडून यायचे. तो फोटो बातमीला चालतो, कोर्टात टिकत नाही.

आणि चित्रण असून आणलं नाही तर? वाराणसीच्या एका हॉटेलात २०१० साली एका इटालियन पर्यटकाचा मृत्यू झाला. त्याच्याबरोबरच्या दोघा इटालियन मित्रांना खुनासाठी जन्मठेप झाली. हॉटेलात कॅमेरे होते, पण चित्रण कोर्टापुढे आलंच नाही. २०१५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं विचारलं, सर्वांत चांगला पुरावा होता तो का दिला नाही? दोघं सुटले. तोवर त्यांची जवळजवळ पाच वर्षं तुरुंगात गेली होती.

मुंबईबद्दल बोललं पाहिजे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जे झालं, त्याची कॅमेऱ्यांतली दृश्यं आणि जिवावर उदार होऊन छायाचित्रकारांनी टिपलेले फोटो कसाबविरुद्धच्या खटल्यात भक्कम पुरावा ठरले. त्यानंतर शहरभर कॅमेऱ्यांचं जाळं हवं अशी शिफारस झाली. निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचं ते जाळं पुरं व्हायला २०१६ साल उजाडलं. मधल्या काळात, २०१० मध्ये पुण्यात जर्मन बेकरीचा स्फोट झाला, २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले, आणि प्रत्येक वेळी त्याच मागणीची पुन्हा बातमी झाली.

आज हे जाळं आहे आणि त्याचा उपयोग होतो, हे मी मोकळ्या मनानं सांगतो. सगळ्यात मोठा उपयोग माग काढण्याचा. पळवलेलं मूल, अपघात करून पळालेली मोटार. एका चौकातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, असा माग लावत जाता येतं. पूर्वी त्यासाठी दहा माणसं चार दिवस पानटपऱ्या पालथ्या घालायची. पण त्यालाही वेळ माहीत असावी लागते. ब्रिटनच्या रेल्वेवर २०११ ते २०१५ या काळात नोंदलेल्या अडीच लाख गुन्ह्यांचा अभ्यास झाला. जिथं चित्रण मिळालं तिथल्या साधारण दोन तृतीयांश प्रकरणांत ते तपासाच्या कामी आलं, हे थोडं नव्हे. पण चोरी नेमकी कधी झाली हेच ठाऊक नसलं की हात टेकावे लागत. सकाळी लावलेली सायकल संध्याकाळी गायब, तर दहा तासांचं चित्रण कोण आणि किती वेळ पाहणार? तेव्हा चोरी झाली की ‘कधी झाली’ हे तासाच्या नव्हे, मिनिटांच्या हिशेबानं आठवून सांगा. आणि लगेच सांगा, चित्रण पुसलं जातं.

आणखी एक कॅमेरा आहे, ज्याबद्दल माझे जुने सहकारी फारसं बोलत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये आदेश दिला, की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत. दारात, कोठडीत, व्हरांड्यात, निरीक्षकाच्या खोलीतसुद्धा. आवाजासकट. आणि चित्रण अठरा महिने जपायचं, ते शक्यच नसेल तर निदान वर्षभर. हा आदेश आला तेव्हा मी निवृत्त होतो. आमच्या एका गटात लगेच कुरकुर सुरू झाली, आता काम कसं करायचं म्हणून. मी काही लिहिलं नाही. मला २००९ ची ती शेजारची खोली आठवत होती. तिथं कॅमेरा असता, तर त्या पोराला मार बसला नसता. इथं मात्र बुजगावणंही पुरलं असतं, कारण आम्ही काही दारूच्या नशेत नव्हतो, हिशेबी होतो.

तर आमच्या सोसायटीची सभा. मी एवढं सगळं तिथं बोललो नाही, लोकांना जेवायला जायचं होतं. दोन गोष्टी सांगितल्या. पार्किंगच्या दोन्ही दारांवर आणि जिन्याच्या तोंडाशी कॅमेरे लावा, तिथले दिवे बदला. गच्चीवरचा जो कॅमेरा कंत्राटदारानं सुचवला होता, तो समोरच्या चाळीच्या गॅलरीकडे तोंड करून होता. तिथं बायका कपडे वाळत घालतात, मुलं अभ्यासाला बसतात. आपली मोटारसायकल गेली म्हणून त्यांनी का पाहिलं जावं? यावर थोडी वादावादी झाली. एकानं विचारलं, “लपवण्यासारखं नसेल तर भ्यायचं कशाला?” तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, “मग तुमच्या हॉलमध्येच लावू या.” तो कॅमेरा रद्द झाला.

आठ कॅमेरे लागले. पडदा वॉचमनच्या खोलीत, कॅलेंडरच्या खाली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला सेक्रेटरी आणि मी तिथं जातो, मोबाइलवरची वेळ पाहतो आणि कॅमेऱ्याचं घड्याळ लावतो. सेक्रेटरींना हा म्हाताऱ्याचा चाळा वाटतो, पण बिचारे येतात. मागच्या महिन्यात ते नऊ मिनिटं पुढे होतं.